कॅरेल व सी : बांध ओलांडण्याचा प्रश्न

नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती तालुक्यातून इंदापूरकडे जाते. या कालव्यावरील शेतकऱ्यास पाण्याची पाळी आणि शेताचा बांध यांचे मोल सांगावे लागत नाही. संगणकाच्या दोन भाषांमधील भेद विशद करण्यास याच दोन गोष्टी पुरेशा आहेत.

त्यांपैकी कॅरेल ही भाषा रिचर्ड पॅटिस यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात नवशिक्यांसाठी रचली. तिचे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले. ‘रोबो’ हा शब्द ज्यांच्या नाटकामुळे रूढ झाला, त्या कॅरेल चापेक यांचेच नाव तिला मिळाले. तिच्यातील यंत्रमानवास मूळ आज्ञा अवघ्या पाच : पुढे सरणे, डावीकडे वळणे, खूण उचलणे, खूण ठेवणे, थांबणे. उजवीकडे वळावयाचे तर तीनदा डावीकडे वळावे. संख्या साठविण्यासाठी या भाषेत चल नाही. उलट, डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत सिद्ध केलेली सी-भाषा स्मृतीतील पत्तेदेखील लेखकाच्या हाती देते.

उसाच्या सरीत मध्येच उभ्या असलेल्या यंत्रमानवाने बांधापर्यंत जाऊन नेमके मूळ जागी परतावे, अशी कल्पना करू. सीमध्ये पावले एका चलात मोजली की काम झाले. कॅरेलमध्ये मोजणार कशात? येथे एक नवी आज्ञा रचावी लागते : पुढे वाट मोकळी असेल तर एक पाऊल सर, हीच आज्ञा पुन्हा पाळ, मग आणखी एक पाऊल सर, वाट मोकळी नसेल तर मागे वळ. जाताना अपुरे राहिलेले प्रत्येक पाऊल परतताना पुरे होते. संख्या कोठेही लिहिलेली नसते. ती अपुऱ्या आज्ञांच्या थरांत दडलेली असते. कॅरेलला पोरखेळ समजणाऱ्यांनी हे एक उदाहरण अवश्य सोडवून पाहावे.

खरा भेद चुकीच्या वेळी दिसतो. कॅरेलचा यंत्रमानव भिंतीवर आदळला की चूक जाहीर करून जागीच थांबतो. सीमध्ये दहा शेतकऱ्यांच्या पाळ्यांचा ॲरे केला, तर त्याचे क्रमांक ० ते ९ असतात. अनवधानाने १० व्या क्रमांकावर लिहिले, तर काय घडेल याची कोणतीही हमी भाषा देत नाही. शेजारच्या स्मृतीत झडपेची उघड-मीट नोंदलेली असल्यास तीच पुसली जाण्याचा संभव असतो, आणि आज्ञावली मात्र निमूटपणे पुढे चालते. सूक्ष्मनियंत्रकांच्या आज्ञावल्या आजही बहुधा सीमध्येच लिहिल्या जात असल्याने ही शंका पुस्तकी नव्हे. कालव्याच्या शेपटाकडील शेताची एक पाळी हुकणे म्हणजे काय, हे इंदापुरात कोणीही सांगेल. बांध राखण्याची अट सीच्या लेखकाने स्वतःच घालावयाची असते.

ती अट कोठे घालावी, हाही प्रश्न आहेच. यंत्रमानव आरंभीच बांधाला टेकून उभा असेल, तर वरील कॅरेल-आज्ञा केवळ मागे वळून थांबते. सीमध्ये आधी पाऊल व नंतर तपासणी असे आवर्तन लिहिले, तर पहिलेच पाऊल शेजाऱ्याच्या रानात पडते.