कोसाडहून समुद्र: आधी तिथी, मग रस्ता

सुरतेत कुणालाही विचारा, एका दिवसासाठी समुद्रावर कुठे जावं; उत्तर ठरलेलं असतं, डुमस. अठवालाइन्सच्या किंवा उधन्याच्या माणसाला ते बरोबर आहे. तो तापीच्या डाव्या तीरावर राहतो. कोसाड उजव्या तीरावर. इथून डुमसला निघायचं म्हणजे अमरोलीचा पूल ओलांडून कतारगाम, मग अख्खं शहर कापत जायचं, आणि रविवारी संध्याकाळी तेच सगळं उलट, पेंगुळलेल्या पोरांना पुढ्यात घेऊन. नदी न ओलांडता मात्र दोन किनारे गाठता येतात: हजिऱ्याकडचं सुवाळी आणि ओलपाड तालुक्यातलं डभारी.

पण रस्त्याचं नंतर. त्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय बघावं.

कोसाडचे बरेच मराठी लोक खानदेशातले. सुरतेतली मराठी वस्ती दाट आहे ती उधना, लिंबायत, डिंडोलीकडे. पण मुंबई-अहमदाबाद मार्गावर उत्राणच्या पुढच्या या छोट्या स्टेशनाभोवतीही धुळे, नंदुरबार, जळगावकडची घरं आहेत. गाव २००६ साली महापालिकेत आलं, मग आवास योजनेच्या इमारती उठल्या आणि वस्ती वाढली. या माणसांना पाणी ठाऊक आहे ते नदीचं. प्रकाशाच्या घाटावरचं, चांगदेवच्या संगमावरचं. समुद्राशी पहिली भेट बहुतेकांची गणपती विसर्जनाला, हजिऱ्याच्या किंवा डुमसच्या काठावर, ढोल-ताशांच्या गोंगाटात झालेली. त्या दिवशी असतं उधाण, कारण अनंत चतुर्दशी पौर्णिमेला खेटून येते. मग कधीतरी अष्टमीच्या दुपारी हाच माणूस बायकापोरांना घेऊन हौसेने जातो, आणि समोर नुसता चिखल. समुद्र कुठेय, म्हणून मुलं विचारतात.

समुद्र असतो, लांब गेलेला असतो. खंबायतचं आखात नरसाळ्यासारखं आहे. रुंद तोंडातून शिरलेल्या पाण्याला पुढे जागा पुरत नाही, म्हणून ते वर चढतं. हजिऱ्यापाशी उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक सहा मीटरच्या आसपास, म्हणजे दुमजली घराएवढा. भावनगरकडे तर त्याहून पुष्कळ जास्त. आणि किनारा जवळजवळ सपाट. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांना ही कटकट नाही. तिथे बहुतेक ठिकाणी पाणी जेमतेम फूटभर वरखाली होतं, त्यामुळे नीसचा किंवा नेपल्सचा माणूस वाळू मऊ कुठे, गर्दी कमी कुठे, एवढंच बघून किनारा निवडतो. आपल्याला घड्याळही निवडावं लागतं.

कोकणातले कोळी तिथीला पाऊणने गुणतात. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा; मुंबईकडच्या पूर्ण भरतीची ही ढोबळ वेळ. आखातात आत यायला पाण्याला आणखी काही तास लागतात, म्हणून पौर्णिमा-अमावास्येची भरती सुरतेकडे दुपार कलताना येते आणि रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते. म्हणजे पौर्णिमेच्या आसपासच्या रविवारी सकाळी चिखल आणि दुपारी उधाण, तर अष्टमी-नवमीला भांगाची भरती, मवाळ, पण दुपारी पाणी लांब. डबे घेऊन अकराला निघणाऱ्या कुटुंबाला पहिलाच रविवार बरा. नक्की वेळ हल्ली मोबाइलवर मिळते. गुजरातीत ‘भरती-ओट’ लिहून शोधलं तरी चालतं.

आता सुवाळी. कोसाडहून वरियाव, जहांगीरपुरा, पाल, इच्छापोर असं नदी डावीकडे ठेवत गेलं की हजिऱ्याचे पोलाद, खत आणि वायूचे कारखाने लागतात. चिमण्या आणि कंटेनरच्या रांगा बघून वाटतं, आपण चुकलो. चुकलेलो नसतो. तीसएक किलोमीटरवर एकदम रस्ता मोकळा होतो, झाडी विरळ होते आणि समोर रुंद, मोकळा किनारा येतो. २०२४ मध्ये इथे बीच फेस्टिव्हल झाला, तेव्हापासून गर्दी आणि टपऱ्या वाढल्या आहेत. उंट आणि घोडे आहेतच.

पण सुवाळीची खरी ओळख टपऱ्यांच्या फार आधीची आहे. तापीचं मुख गाळाने भरत गेल्याने मोठी जहाजं सुरतेपर्यंत येईनात. सुवाळीसमोर एका वाळूच्या दांड्याआड खोल पाण्याचा पट्टा होता, तिथे ती नांगरत. नोव्हेंबर १६१२ मध्ये याच पाण्यात टॉमस बेस्टच्या दोन इंग्रज जहाजांनी पोर्तुगीजांच्या मोठ्या गलबतांना मागे रेटलं. त्यानंतर सुरतेत इंग्रजांची वखार पक्की झाली, आणि सर टॉमस रो १६१५ साली जहांगीराकडे जायला इथेच उतरला. अलेप्पोहून पायी अजमेरपर्यंत आलेला टॉम कोर्याट नावाचा अवलिया इंग्रज १६१७ साली सुरतेत वारला. सुवाळी-राजगरीच्या बाजूला त्याची कबर दाखवतात. आणि जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा इंग्रजांनी वखार राखायला जे खलाशी बोलावले, ते सुवाळीला नांगरलेल्या जहाजांवरचेच. शाळेच्या पुस्तकात सुरतेची लूट वाचलेली असते, पण हे बंदर कुणी सांगत नाही. किनाऱ्यावर त्याची खूण म्हणावी असं काही नाही. मी दोनदा शोधलं.

एक मात्र ध्यानात ठेवा. सुवाळीचं पाणी दिसतं तसं नाही. ओढ जोराची, खड्डे न दिसणारे, आणि माणसं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. पाण्यात उतरायला मनाईचे फलक लागतात, ते लोकांना भिववायला लावलेले नाहीत. घोट्यापर्यंत पाणी घ्यावं आणि थांबावं.

डभारीला कारखाने नाहीत. ओलपाडच्या रस्त्याने भाताची खाचरं आणि ऊस, मग समुद्र जवळ आला की झिंग्यांची तळी. चौकोनी बांध, पाणी ढवळणारी चाकं आणि खारट वास. किनारा उघडा, सावली नावालाच. इथे शांतता हवी असणाऱ्याने जावं. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि पिण्याचं पाणी बरोबर घेऊनच, कारण तिथे काही मिळेलच असं धरून चालू नये. पाणी तपकिरी असतं. नर्मदा, मही, साबरमती आणि आपली तापी, सगळ्यांचा गाळ याच आखातात येतो. मळकट दिसलं म्हणून ते घाण असतंच असं नाही.

दांडीचा रस्ता लांबचा, पन्नासएक किलोमीटर, नवसारीवरून. पण कोसाडकराचा दांडीवर हक्क आहे, असं मला उगाच वाटत आलंय. १२ मार्च १९३० ला साबरमतीहून निघालेली यात्रा १ एप्रिलला छापराभाठ्याला थांबली आणि मग तापी ओलांडून सुरतेत गेली. छापराभाठा म्हणजे अमरोलीला लागून, आपल्या शेजारचं. दुसऱ्या दिवशी थांबा डिंडोलीला, जिथे आज अहिराणी कानावर पडते. सत्याग्रहींमध्ये पंडित नारायण मोरेश्वर खरेही होते, विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य आणि आश्रमाचे संगीतगुरू. ६ एप्रिलला मीठ उचललं गेलं, त्या जागेपाशी २०१९ पासून मोठं स्मारक आहे, ८० यात्रेकरूंच्या पुतळ्यांसह. मुलं मोठी असतील तर दांडीच निवडा. पुतळ्यांतले पंडित खरे कोणते, ते मुलांना शोधायला लावा. किनारा मात्र पायी फिरण्यापुरताच.

त्याच बाजूला उभराट आहे, सुरूच्या बनाचं. सावलीसाठी ते बरं. गाडी नसलेल्यांना वलसाडजवळचा तिथल किनारा बरा, कारण सुरतेहून वलसाड रेल्वेने ६८ किलोमीटर, आणि स्टेशनापासून समुद्र पाचेक. काठावर साईबाबांचं मंदिर आहे, स्वामीनारायण मंदिर आहे. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायला त्याहून सोयीचं ठिकाण नाही. दमणच्या देवका आणि जंपोरबद्दलही लोक बोलतात. त्यांतले काही समुद्रासाठी जातात.

एवढं सगळं सांगून झाल्यावरही कोसाडची निम्मी माणसं डुमसलाच जातील, हे मला ठाऊक आहे. भजी तिथे आहेत ना. टोमॅटोच्या चकतीवर हिरवी चटणी थापून, पिठात बुडवून तळलेली भजी, आणि कोनफळाच्या चकत्यांवर धणे-मिरीची भरड चिकटवून तळलेली रतालू पुरी. शिवाय भुताच्या गोष्टी. रात्री कुणी तरी कुजबुजतं, इथे पूर्वी स्मशान होतं, म्हणून वाळू काळी.

वाळू काळी आहे ती लोहयुक्त खनिजांमुळे. दख्खनचा काळा कातळ झिजत झिजत त्याचा चुरा नद्यांनी इथवर आणला. तापी मुलताईहून निघते, सातपुड्याच्या पायथ्याने बऱ्हाणपूर, भुसावळ करत खानदेश ओलांडते आणि ७२४ किलोमीटर वाहून डुमस-हजिऱ्यापाशी समुद्राला मिळते. १९७२ साली उकाईचं धरण पुरं झालं, तेव्हापासून बराचसा गाळ वरच अडतो. तेव्हा पायाखाली आहे त्यातला पुष्कळसा त्याआधीचा. शिरपूर-चोपड्याच्या माणसाला डुमसचं भूत दाखवणं म्हणजे त्याच्याच शेताच्या बांधावरचा दगड दाखवून त्याला घाबरवणं. आषाढ शुद्ध सप्तमीला सुरतकर तापीचा वाढदिवस करतात, नदीला लांबलचक चुनरी नेसवतात. आमच्या शेजारच्या आजी तेव्हा म्हणतात, माहेरची बाई इथे सासरी आली.

डुमसला जायचंच तर चौपाटीवर मोटार वाळूत उतरवू नका. भरतीत रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टरने ओढताना बघायला गर्दी जमते, आपली गाडी असली की मजा राहत नाही. पाणी उतरायला लागल्यावर पोचा, तेव्हा ओली वाळू घट्ट असते आणि अनवाणी चालता येतं. मुलाच्या दप्तरात शाळेच्या प्रयोगाचा लोहचुंबक असेल तर बरोबर घ्या. कोरड्या वाळूवरून फिरवला की काळे कण केसासारखे उभे राहून चिकटतात. चुंबक आधी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळावा, म्हणजे तो बाहेर काढला की कण आपोआप गळतात. आम्ही पहिल्यांदा गुंडाळला नव्हता. कोसाडला पोचल्यावरही आम्ही ते टूथब्रशने झाडत होतो.