सगळे धर्म एकच, मग पुढे?

आमच्या ब्लॉकमधल्या चौथ्या मजल्यावरच्या आंटींनी मला पहिल्यांदा प्रार्थनेला बोलावलं, तेव्हा मी हो म्हटलं त्याचं खरं कारण त्यांच्या घरातून लिफ्टपर्यंत येणारा रसमचा वास हे होतं. आंटी मलेशियातल्या तमीळ, लग्नानंतर सिंगापूरला आलेल्या, बहाई. हॉलमध्ये दहा-बारा माणसं. मूर्ती नाही, पुजारी नाही, दानपेटी नाही. कुणी इंग्रजीत प्रार्थना वाचली, कुणी मँडरीनमध्ये, एका काकांनी तमीळमध्ये. मग आंटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुला येतं ते म्हण. मला येतं ते पसायदान. म्हटलं. कुणी दचकलं नाही, कुणी अर्थ विचारून भंडावलं नाही. घरी परतताना डोक्यात एकच: अरे, हे तर आपलंच आहे की!

तुम्ही परदेशात वाढलेले असाल, तर हे वाक्य तुमच्याही तोंडी कधीतरी आलं असेल. घरी आजीने सांगितलेलं असतं की देव एकच, नावं वेगळी. शाळेत धर्मावरून काही विचारलं की आपण तेच सांगून मोकळे होतो. त्यामुळे बहाई धर्माची पहिली ओळख झाली की आपल्याला त्यात नवीन काही वाटतच नाही. माझी गडबड तिथेच झाली. पहिले काही महिने मला एकही शंका आली नाही, कारण मी ऐकतच नव्हते. मी फक्त मान डोलावत होते.

आधी थोडी माहिती. 1844 साली इराणमधल्या शिराझ शहरात बाब या तरुणाने नव्या युगाची घोषणा केली. 1850 साली त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. त्याच्या अनुयायांपैकी एक, तेहरानच्या सरदार घराण्यातले बहाउल्ला. तुरुंग, मग बगदाद, इस्तंबूल, एडिर्ने आणि शेवटी 1868 पासून अक्का, अशी सगळी हद्दपारीच त्यांच्या वाट्याला आली. 1892 मध्ये ते अक्काजवळच वारले. म्हणून बहाईंचं जागतिक केंद्र आज शेजारच्या हैफात आहे. सिंगापुरात हा धर्म अगदी लहान आहे. इथल्या आंतरधर्मीय संघटनेत, जी 1949 पासून आहे, दहा धर्मांचे प्रतिनिधी बसतात. त्यात बहाई आहेत.

आता मुद्दा. ‘सगळे धर्म एकाच ईश्वराकडून आले’ हे बहाई म्हणतात ते खरं, पण त्यांचं वाक्य तिथे संपत नाही. ते म्हणतात, एकामागून एक आले. कृष्ण, मोशे, झरथुष्ट्र, बुद्ध, ख्रिस्त, मुहम्मद, मग बाब, मग बहाउल्ला. शाळेतल्या इयत्तांचं उदाहरण ते देतात. प्रत्येक शिक्षक खरा, पण आत्ताच्या वर्गाचा शिक्षक एकच, आणि आत्ताचा अभ्यासक्रम तोच ठरवणार. म्हणजे आजी सांगते ते हे नव्हेच. आजीच्या मते सगळ्या वाटा आज, आत्ता, एकाच वेळी चालू आहेत. बहाई मतात आधीच्या वाटा खऱ्या, पवित्र, पण त्यांचं काम होऊन गेलेलं.

मग आमच्या विठोबाचं काय? हा प्रश्न मला एका गुरुवारी रात्री आंटींकडे भांडी विसळताना पडला. बहाई मतात ईश्वर स्वतः देह घेत नाही. कृष्ण म्हणजे स्वच्छ आरसा. सूर्य त्यात दिसतो, पण सूर्य आरशात उतरत नाही. भारतातल्या हिंदी बहाई पुस्तिकांत यासाठी सरळ ‘अवतार’ हा शब्द वापरला गेला, त्याने सोय झाली आणि घोळही झाला. पुनर्जन्म ते मानत नाहीत. विटेवर उभं राहून भक्ताची वाट बघणारा देव या यादीत कुठे बसवायचा, हे मला अजून जमलेलं नाही.

अशा शंका काढणं म्हणजे यजमानांच्या घरी जेवून त्यांच्याच स्वयंपाकाला नावं ठेवणं, असं मला सुरुवातीला वाटायचं. ती भीड मोडली एका जुन्या पत्रव्यवहारामुळे, आणि त्याचा धागा थेट मुंबईला पोचतो.

माणेकजी लिमजी हातरिया हे पारशी गृहस्थ. जन्म सुरतेजवळचा. इराणमधल्या झरथुष्ट्री लोकांचे हाल कमी करावेत म्हणून मुंबईच्या पारशांनी 1854 साली त्यांना तिकडे धाडलं. वाटेत बगदादला त्यांची बहाउल्लांशी भेट झाली आणि ओळख टिकली. पुढे त्यांनी बहाउल्लांना पत्राने प्रश्न पाठवले, आणि प्रश्न कसले, आपण आज विचारू तेच. हिंदू कुणाला आपल्या धर्मात या म्हणत नाहीत, काही धर्म येणाऱ्याला घेतात पण आग्रह करत नाहीत, काही आग्रह करतात. यात बरोबर कोण? सगळे प्रेषित खरे, तर एकाचा नियम दुसऱ्याच्या उलट का? शिवाय एक विनंती होती, की उत्तर अरबी शब्द टाळून शुद्ध फारसीत द्यावं. (भाषाशुद्धीची हौस आपल्याकडेच असते असं नाही.) उत्तर तसंच शुद्ध फारसीत आलं. सुंदर आलं. प्रत्येक काळाचा आजार वेगळा, म्हणून औषध वेगळं, तुम्ही तुमच्या काळाची चिंता वाहा, असा त्याचा रोख.

माणेकजींचं समाधान झालं नाही. त्यांनी कळवलं की माझ्या प्रश्नांची उत्तरं मिळालेली नाहीत. मग 1882 मध्ये दुसरं, लांबलचक उत्तर आलं. ते लिहिलं होतं मिर्झा अबुल-फझल यांना, जे तेव्हा माणेकजींकडे कामाला होते आणि स्वतः बहाई झालेले होते. यात प्रश्न एकेक करून घेतलेले आहेत. आणि तरीही माणेकजी बहाई झाले नाहीत. ओळख मात्र मोडली नाही. ही दोन्ही उत्तरं बहाई आज धर्मग्रंथ म्हणून जपतात. म्हणजे एका न पटलेल्या माणसाचे प्रश्न त्यात कायमचे राहिले. हे कळल्यावर मी आंटींसमोर जरा मोकळी झाले.

मुंबईचा संबंध इथेच संपत नाही. बहाउल्लांच्या कायद्यांचा ग्रंथ, ‘किताब-ए-अकदस’, 1890-91 च्या सुमारास मुंबईत छापला गेला. त्याचं अधिकृत संपूर्ण इंग्रजी भाषांतर यायला मात्र 1992 उजाडलं. शंभर वर्षं! याला उशीर म्हणायचं की आणखी काही, ते तुम्ही ठरवा. मला ते खटकलं. कारण माझ्या मते धर्म कळतो तो त्याच्या कायद्यात. ‘मानवजात एक’ याला कोण नाही म्हणेल? खरा प्रश्न पुढे येतो: मी कसं लग्न करावं, मेल्यावर माझ्या देहाचं काय करावं, हे ठरवण्याचा अधिकार मी कुणाला देणार आहे का?

लग्नाचंच घ्या. बहाई लग्नात जोडीदार ज्याने-त्याने स्वतः निवडायचा, घरच्यांनी ठरवून द्यायचा नाही. पण निवडल्यावर दोघांच्याही हयात आईवडिलांची, म्हणजे चौघांची, संमती लागतेच. ते बहाई असोत वा नसोत. आईला फोनवर हे सांगितलं तर ती साताऱ्याहून म्हणाली, “हा धर्म चांगला दिसतोय गं.” मला मात्र घाम फुटला. माझ्या ओळखीत एका जोडप्याला मुलाच्या वडिलांनी निव्वळ जातीवरून नकार दिला. ते बहाई असते तर? मी विचारलं. आंटींनी आडपडदा न ठेवता सांगितलं की पालकांनी कारण काहीही दिलं, किंवा दिलंच नाही, तरी नकार तो नकार. थांबायचं, समजूत घालत राहायचं. जो धर्म जातपात मानत नाही, त्याच्याच कायद्यात जात मानणाऱ्या बापाच्या हाती कुलूप. यामागे कुटुंबं जोडण्याचा हेतू आहे हे मला समजतं. पटत मात्र नाही.

माझ्या एका मित्राचा प्रश्न याहून अवघड. सिंगापूरच्या संसदेने 2022 च्या नोव्हेंबरमध्ये कलम 377ए रद्द केलं तेव्हा तो रडला होता. बहाई मतात विवाह स्त्री-पुरुषाचाच, आणि शरीरसंबंध विवाहातच. कुणाचा तिरस्कार करू नका, असंही तेच सांगतात. तो दोनदा आला, दोन्ही वेळा त्याचं स्वागत झालं, आणि तिसऱ्यांदा तो आला नाही. मी त्याला आग्रह केला नाही.

मरणाचं पाहा. दहन नाही, दफनच. आणि मृत्यू झाला त्या जागेपासून तासाभराच्या प्रवासापलीकडे देह न्यायचा नाही. सिंगापुरात तासाभराची अट पाळणं कठीण नाही, बेटच तेवढं आहे. पण आता दफनाला खुली असलेली दफनभूमी एकच, चोआ चू कांग, आणि तिथेही सरकारी नियमाने कबर पंधरा वर्षांची. त्यानंतर अवशेष काढून, ज्या धर्मात दफन आवश्यक आहे त्यांचे लहान जागेत पुन्हा पुरतात. घरी प्रश्न यातला एकही नव्हता. आईने विचारलं ते एवढंच: “म्हणजे तुझ्या बाबांच्या वेळी तू येणार नाहीस का?” येईन. त्याला कुणी अडवत नाही. प्रश्न फक्त माझ्या स्वतःच्या देहाचा आहे. तरी त्या रात्री आम्ही दोघी फोनवर बराच वेळ गप्पच होतो.

एक शंका मात्र मला या शहरानेच दिली. 1950 साली डॉ. के. एम. फोजदार आणि शिरीन फोजदार हे बहाई जोडपं भारतातून इथे आलं. शिरीनबाई 1905 च्या, मुंबईतच जन्मलेल्या, इराणी आईवडिलांच्या पोटी. तेव्हा सिंगापुरात पुरुषाने दोन-तीन बायका करणं सर्रास चालायचं. बाईंनी इतर स्त्रियांना बरोबर घेऊन 1952 मध्ये सिंगापूर काउन्सिल ऑफ विमेन उभी केली आणि एकपत्नीत्वाच्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं राजकारण्यांचा पिच्छा पुरवला. 1961 मध्ये विमेन्स चार्टर आला. मुस्लिमेतर कुणीही आज सिंगापुरात लग्न नोंदवतं ते त्याच कायद्याखाली. आपल्या मराठी मंडळींचीही.

आता ही दुसरी बाजू. बहाई धर्मात पुरोहित नाहीत, निवडून आलेली मंडळं कारभार बघतात, आणि स्थानिक व राष्ट्रीय मंडळांवर स्त्रिया असतात. पण सर्वोच्च मंडळ, हैफातलं विश्व न्याय मंदिर, 1963 मध्ये पहिल्यांदा निवडलं गेलं तेव्हापासून नऊ पुरुषांचं आहे. ग्रंथातच तसं आहे, त्यामागचं कारण पुढे काळाच्या ओघात स्पष्ट होईल, असं उत्तर मिळतं. स्त्री-पुरुष समानता हे ज्यांचं मूळ तत्त्व, त्यांच्याकडून. शिरीनबाई 1992 मध्ये इथेच वारल्या, शेवटपर्यंत बहाई. त्यांच्या मनात हा प्रश्न कधी आला असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. की त्यांनी आधी विश्वास ठेवला आणि मग हाताशी असलेलं काम उरकलं?

कदाचित प्रश्न विचारण्याची माझी पद्धतच आरामखुर्चीतली असेल. शिराझमध्ये 18 जून 1983 ला दहा बहाई स्त्रियांना फाशी दिलं. त्यातली एक 17 वर्षांची होती. धर्म नाकारा, सोडून देतो, हा पर्याय त्यांच्यासमोर होता. कुणी जीव दिला म्हणून मत खरं ठरत नाही, हे मलाही कळतं. पण त्यानंतर ‘मला हा नियम गैरसोयीचा वाटतो’ हे वाक्य उच्चारताना जीभ जरा अडखळते.

आणि बहाई म्हणजे नेमका कोण? 2011 च्या भारताच्या जनगणनेत बहाई भरले 4,572. समाजाकडून मात्र आकडा सांगितला जातो वीस लाखांच्या आसपास. खोटं कोण बोलतंय, असा माझा पहिला सूर होता. मग 1960 च्या दशकातल्या माळव्याबद्दल वाचलं. शाजापूरकडच्या खेड्यांत हजारोंनी बहाउल्लांना मानलं, भजनं केली, आणि घरातले देवही ठेवले. जनगणनेचा माणूस आल्यावर ते हिंदूच म्हणणार. आपल्यालाही तसंच जगायला आवडेल, नाही? पण नियमाने ते बसत नाही. बहाई होऊन दुसऱ्या धर्माचं सदस्यत्व ठेवता येत नाही. घरच्या सणाला जा, मोदक खा. फक्त ‘हेही आणि तेही’ असं नाव लावता येत नाही. त्यांच्या घरात जन्मलेल्या मुलालाही पंधराव्या वर्षी स्वतः ठरवायला सांगतात. मी पंधराव्या वर्षी फक्त दहावीचा विचार करत होते.

मी अजून बहाई नाही. होईन की नाही, माहीत नाही. गुरुवारी जाते. पसायदान आता आंटींच्या नातीलाही अर्धंमुर्धं येतं, उच्चार तमीळ.

आई गणपतीला इकडे येतेय. आंटींनी तिला आधीच जेवायला बोलावून ठेवलंय. काल फोनवर आई दबक्या आवाजात विचारत होती, “त्यांच्यात कांदा-लसूण चालतं ना?” चालतं, म्हटलं. दारू तेवढी चालत नाही. मार्चमध्ये आली असतीस तर एकोणीस दिवस सूर्य मावळेपर्यंत उपाशी राहून वाढलं असतं त्यांनी. आई म्हणाली, “मग सोबत पुरणपोळ्याच आणते.”