नवा लॅपटॉप, जुनी विंडोज

एप्रिल २००७. विंडोज व्हिस्टा बाजारात येऊन तीन महिनेही झाले नव्हते, तेवढ्यात अमेरिकेत डेल कंपनीने जाहीर केलं, की चार इन्स्पिरॉन लॅपटॉप आणि दोन डायमेन्शन डेस्कटॉप यांवर ग्राहकाला पुन्हा विंडोज एक्सपी मागून घेता येईल. एक्सपी २००१ सालची, म्हणजे साडेपाच वर्षांची. नवीकोरी व्हिस्टा समोर असताना लोक पैसे मोजून जुनी मागत होते, आणि डेलसारख्या मोठ्या कंपनीला ते ऐकावं लागलं. पुढच्याच वर्षी ‘इन्फोवर्ल्ड’ या अमेरिकी नियतकालिकाने एक्सपीची विक्री थांबवू नये म्हणून सह्यांची मोहीम काढली. तिला दोन लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. मायक्रोसॉफ्टने तरीही ३० जून २००८ रोजी नव्या संगणकांवरची एक्सपी बंद केली. सवलत मिळाली ती छोट्या, स्वस्त नेटबुकना. कारण व्हिस्टाचं ओझं त्या बिचाऱ्यांना पेलवतच नव्हतं.

संगणकाच्या जगात पुढे जाणं सोपं केलेलं असतं. पडद्यावर सूचना येते, आपण ‘हो’ म्हणतो, चहा होईस्तोवर काम झालेलं असतं. उलट्या दिशेचा प्रवास मात्र कुणी आखूनच ठेवलेला नसतो. तरीही दर काही वर्षांनी हजारो माणसं त्या वाटेला लागतात. व्हिस्टावरून एक्सपीकडे, विंडोज ८वरून ७कडे, ११वरून १०कडे. यातल्या पहिल्या खेपेला त्यांची तक्रार बरीचशी खरी होती.

व्हिस्टाला चांगली स्मरणशक्ती आणि त्याहून चांगली ग्राफिक्स चिप हवी होती. पण ती येण्याआधीच्या दिवाळी-नाताळच्या हंगामात विक्री पडू नये म्हणून ५१२ एमबी रॅमच्या साध्या यंत्रांवरही ‘व्हिस्टा केपेबल’ असं लेबल चिकटवलं गेलं. अशा यंत्रावर व्हिस्टा चाले, पण तिची ती काचेसारखी चकचकीत खिडक्यांची सजावट दिसत नसे. प्रकरण कोर्टात गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या आतले ईमेल बाहेर आले. कंपनीचे उपाध्यक्ष माइक नॅश यांनी स्वतःच्या खिशातून घेतलेल्या लॅपटॉपबद्दल लिहिलं होतं, की २१०० डॉलर मोजून आपल्या पदरी फक्त ईमेल पाहायचं यंत्र पडलं. उपाध्यक्षांची ही गत, तर सामान्य ग्राहकाची काय वर्णावी! त्याच कागदपत्रांत आणखी एक आकडा होता: व्हिस्टा कोसळण्याच्या नोंदवलेल्या प्रकारांपैकी सुमारे २९ टक्के एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे घडले होते. म्हणजे मुळात रोग व्हिस्टाचा की तिच्यासाठी घाईने तयार झालेल्या सुट्या भागांचा, हा वादाचा मुद्दा होता. शिव्या मात्र व्हिस्टाने खाल्ल्या.

सगळा दोष व्हिस्टाचा नव्हता, हे मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये गमतीदार रीतीने दाखवलं. व्हिस्टाला नाकं मुरडणाऱ्या लोकांना ‘मोहावी’ नावाची येऊ घातलेली नवी प्रणाली म्हणून एक प्रात्यक्षिक दाखवलं. लोक खूश झाले. मग सांगितलं, ही व्हिस्टाच! जाहिरात म्हणून हे झकास, पण त्यात एक मेख होती. यंत्र कंपनीचं, निवडक, नीट बसवलेलं. घरचा जुना प्रिंटर तिथे कुणाला जोडून पाहायचा नव्हता.

आता मागे जायचं तर पहिला प्रश्न परवानगीचा. नव्या लॅपटॉपबरोबर आपण विंडोज विकत घेतो म्हणजे तिचा वापरपरवाना घेतो, आणि त्या परवान्यात मागच्या आवृत्तीवर जाण्याचा हक्क असेलच असं नाही. याला ‘डाउनग्रेड राइट्स’ म्हणतात. व्हिस्टाच्या काळात तो हक्क फक्त बिझनेस आणि अल्टिमेट या महागड्या आवृत्त्यांना होता. त्यांच्या मालकाला एक्सपी प्रोफेशनलवर जाता येई. होम आवृत्तीवाल्याला काही नाही. विंडोज ८, १० आणि ११च्या बाबतीतही प्रो आवृत्तीला हक्क, होमला नाही, हाच शिरस्ता राहिला. घरगुती ग्राहकाला दुकानात मिळतो तो बहुतेकदा होमवालाच लॅपटॉप, हे इथे लक्षात घ्यावं. हक्क असला तरी जुन्या आवृत्तीची सीडी आणि ती बसवण्याची मेहनत फुकट मिळेलच याची हमी नव्हती. लॉस एंजेलिसमधल्या एका महिलेने नव्या लॅपटॉपवर व्हिस्टाऐवजी एक्सपी घेण्यासाठी ५९ डॉलर २५ सेंट जादा मोजले आणि फेब्रुवारी २००९ मध्ये थेट मायक्रोसॉफ्टवरच दावा ठोकला.

परवानगीचं कोडं सुटलं तरी खरं घोडं अडतं ते यंत्रापाशी. एक्सपीची अस्सल सीडी नव्या लॅपटॉपमध्ये घातली, निळा पडदा आला, फायली भरल्या जाऊ लागल्या, आणि मग यंत्र एकदम बंद पडून कोड दाखवू लागलं. २००७ ते २०१० या काळात दुरुस्तीच्या दुकानांत हा शेवटी ‘७बी’ असणारा कोड पाठ झालेला असे. कारण साधं होतं. नव्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क साटा प्रकारच्या जोडणीतून, एएचसीआय नावाच्या पद्धतीने बोलत होती. २००१ साली तयार झालेल्या एक्सपीला ती पद्धत ठाऊकच नव्हती. जिच्यावर स्वतःला बसवायचं ती डिस्कच तिला दिसत नसे.

ड्रायव्हर म्हणजे यंत्राचा भाग आणि विंडोज यांच्यामधला दुभाष्या. तो नसला तर समोर उभा असलेला माणूसही परका. एक्सपीत अशा वेळी बाहेरून ड्रायव्हर देण्याची सोय होती: सुरुवातीला एफ-६ ही कळ दाबायची आणि ड्रायव्हर द्यायचा. कशातून? फ्लॉपीतून! लॅपटॉपमधून फ्लॉपीचा खण तर केव्हाच गायब झालेला. मग पळवाटा निघाल्या. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन साटाची पद्धत बदलून जुन्या आयडीई वळणाची करायची, म्हणजे एक्सपीला डिस्क ओळखीची वाटते. ही सोय नसलेल्या लॅपटॉपसाठी ‘एनलाइट’सारखं सॉफ्टवेअर वापरून ड्रायव्हर सीडीतच कालवून नवी सीडी जाळायची. एवढं करून एक्सपी बसली, की दुसरा अंक सुरू. आवाज नाही, वायफाय नाही, पडद्याचं चित्र फाकलेलं. वायफायचा ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेटला जायला वायफाय. शेजारच्या संगणकावरून पेन ड्राइव्हमध्ये ड्रायव्हर आणणं हा या कामाचा अर्धा भाग होता.

हाच खेळ पुढे विंडोज ७बरोबर पुन्हा रंगला. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ने डाव्या कोपऱ्यातलं स्टार्ट बटण काढून घेतलं आणि बोटाने ढकलायच्या रंगीत फरशा समोर मांडल्या. माउस वापरणारे वैतागले, विंडोज ७ मागू लागले. पण त्याच सुमारास लॅपटॉपच्या पोटात बायोसची जागा यूईएफआयने घेतली होती आणि सिक्युअर बूट नावाचा पहारेकरी दारात बसला होता. विंडोज ७ त्याच्या यादीत नव्हती; त्याला आधी दारातून उठवावं लागे. इंटेलची सहाव्या पिढीची स्कायलेक चिप २०१५ मध्ये आली तेव्हा तर यूएसबीचाच जुना नियंत्रक गेला. विंडोज ७च्या मूळ डिस्कमध्ये यूएसबी ३चा ड्रायव्हर नाही, त्यामुळे यूएसबीचा माउस मेलेला. ज्या पेन ड्राइव्हवरून बसवणं सुरू केलं तोच पेन ड्राइव्ह अर्ध्या वाटेत ओळखू येईना. इंटेलला हे ड्रायव्हर घुसवून देणारं वेगळं साधन पुरवावं लागलं. सातव्या पिढीपासून मायक्रोसॉफ्टने हात वर केले. नव्या चिपवर विंडोज ७ चालवणाऱ्यांना २०१७ मध्ये ‘हे यंत्र चालणार नाही’ अशी सूचना येऊन अपडेट मिळणंच थांबलं.

महाराष्ट्रात या हट्टामागे नुसती सवय नव्हती, पोटापाण्याचा भाग होता. पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षांचं काम पेजमेकरमध्ये साठलेलं. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७, २००१ची. पुढे अडोबीने सारं लक्ष इनडिझाइनवर दिलं. मराठी अक्षरं उमटवायला पुण्याच्या सी-डॅकची आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी. त्यांचे फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या वळणाचे. त्या फॉन्टखेरीज मजकूर उघडला तर पानभर निरर्थक चिन्हं दिसतात. अशा कित्येक सॉफ्टवेअरना चोरी टाळण्यासाठी डोंगल, म्हणजे संगणकाच्या पाठीत खुपसायचं कुलूप असे, आणि जुनी डोंगलं प्रिंटरच्या रुंद पोर्टात बसणारी. नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नाही! डॉसच्या काळात फॉक्सप्रोत लिहून घेतलेले हिशेबाचे प्रोग्राम ज्यांच्याकडे होते त्यांची पंचाईत वेगळी. ते १६ बिटचे; ६४ बिटच्या कोणत्याही विंडोजवर ते सरळ चालतच नाहीत. लग्नपत्रिकांचा वीस वर्षांचा साठा किंवा सभासदांची जुनी खाती उघडत नसतील, तर दुकानदाराला नव्या विंडोजच्या गुळगुळीत खिडक्यांचं काय कौतुक?

आपल्याकडे आणखी एक वाट रूढ होती. विंडोजशिवाय, नुसत्या फ्रीडॉसवर विकला जाणारा लॅपटॉप चार पैशांनी स्वस्त पडे आणि ‘विंडोज टाकून देतो’ म्हणणारा माणूस प्रत्येक बाजारात सापडे. तो टाकून देई ती चोरीची, आणि बहुधा त्याच्या हाताला सवयीची असलेली जुनीच आवृत्ती. विकत घेणाऱ्याला नवी-जुनी निवडण्याचा प्रश्नच आला नाही. अपडेट न मिळणाऱ्या त्या प्रतींनी व्हायरसना मोकळं रान दिलं, हे त्या स्वस्ताईचं खरं मोल.

आता चर्चा विंडोज ११ची. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती आली, टास्कबारवरची चिन्हं मधोमध सरकली, उजव्या क्लिकचा मेन्यू आखडला, आणि पुन्हा तेच सुरू झालं: ‘आमची १०च बरी होती.’ जुन्या लॅपटॉपवर १०ची ११ करून घेतली असेल तर पहिले दहा दिवस सेटिंग्जमधून एका बटणासरशी परत जाता येतं. लॅपटॉप कारखान्यातूनच ११ घेऊन आला असेल तर ते बटण नाही. डिस्क पुसून सुरुवात करावी लागते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या अनेक लॅपटॉपवर विंडोज १० बसवायला गेलं की ‘डिस्क सापडली नाही’ असं उत्तर मिळतं, कारण डिस्क व्हीएमडी नावाच्या नियंत्रकामागे असते. एफ-६ आणि फ्लॉपीची कथा, नव्या नावाने. बाराव्या पिढीच्या चिपमध्ये जलद आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर असतात. कोणतं काम कुणाकडे द्यायचं याची चांगली समज विंडोज ११ला आहे, १०ला तेवढी नाही. स्नॅपड्रॅगन एक्स चिपवाल्या लॅपटॉपचा तर विषयच नको, त्यांच्यासाठी ११च. ॲपलने हा वाद केव्हाच मिटवलेला आहे: मॅक ज्या आवृत्तीसह आला तिच्याही मागे सहसा जाताच येत नाही.

शिवाय घड्याळ. एक्सपीच्या बाजूने २००७ मध्ये एक भक्कम मुद्दा होता: तिला सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४पर्यंत मिळणार होते. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि घरगुती ग्राहकांना जाहीर झालेली वाढीव मुदत अवघ्या एका वर्षाची. नव्या लॅपटॉपवर ती बसवायची म्हणजे पाच वर्षं वापरायच्या वस्तूला मुदत संपत आलेलं औषध पाजणं. व्हिस्टाच्या वेळचा हट्ट शहाणपणाचा होता; आजचा बहुतांशी सवयीचा आहे. टास्कबारवरची चिन्हं डावीकडे नेणं सेटिंग्जमध्ये दोन क्लिकचं काम आहे, त्यासाठी डिस्क पुसायचं कारण नाही.

ज्यांना जुन्या प्रणालीची खरोखर गरज आहे, त्यांच्यासाठी मार्ग मायक्रोसॉफ्टनेच २००९ मध्ये दाखवला होता. विंडोज ७ प्रोफेशनलबरोबर ‘एक्सपी मोड’ फुकट मिळे: नव्या विंडोजच्या पोटात एका खिडकीत चालणारी अख्खी एक्सपी. आज व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरने तेच करता येतं. जुनी विंडोज त्या खिडकीत, इंटरनेट तोडून ठेवायची. पेजमेकरच्या फायली उघडायच्या, पीडीएफ काढायची, खिडकी बंद. जुन्या विंडोजचा परवाना मात्र आपला असायला हवा. प्रिंटर पोर्टातल्या डोंगलला हा उपाय लागू पडेलच असं नाही; त्या दुकानांनी एक जुना डेस्कटॉप नेटविना जपणं बरं.

एवढं वाचूनही कुणाला नव्या लॅपटॉपवर मागची विंडोज टाकायचीच असेल, तर लॅपटॉप घेण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेलचं ड्रायव्हरचं पान उघडून पाहावं. तिथे फक्त विंडोज ११ लिहिलेलं असेल तर नाद सोडावा. विंडोज १०चे ड्रायव्हर असतील तर ते, विशेषतः वायफाय आणि डिस्कचे, आधी पेन ड्राइव्हवर उतरवावेत. मूळ विंडोज परत आणणारा रिकव्हरी ड्राइव्ह करून घ्यावा. डिस्क कुलूपबंद असेल तर बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून ठेवावी, आणि हे सगळं झाल्यावरच बायोसला हात लावावा.