येवल्याच्या माळावरचा कुरंग

येवला तालुक्यात ममदापूर-राजापूरच्या माळावर कळप दिसला की तोंडून निघतं, ‘ती बघा हरणं!’ जुन्या बोलण्यात त्यातही भेद आहे. पोटाखाली पांढरा, पीळदार शिंगांचा काळा नर तो काळवीट आणि पिवळसर तपकिरी, बहुधा बिनशिंगी मादी ती हरणी. आता काळवीट हे सगळ्या जातीचंच नाव झालं आहे. संस्कृतात त्याला एण आणि कृष्णसार म्हणत. ‘एणाक्षी’तले डोळे याचेच. मनुस्मृतीने तर कृष्णसार जिथे आपसूक हिंडतो ती भूमी यज्ञाला योग्य मानली.

चितळ-सांबरालाही आपण हरीणच म्हणतो, पण त्यांचं कूळ वेगळं. त्यांच्या नराची शिंगं भरीव हाडाची, फाटे फुटलेली. ती दरवर्षी गळून नवी येतात. काळविटाच्या शिंगात हाडाचा गाभा आणि वर नखाच्या द्रव्याचं आवरण असतं. त्याला फाटा फुटत नाही आणि ते आयुष्यात एकदाही गळत नाही. गाय-शेळीच्या कुळातल्या अशा प्राण्यांना शास्त्रीय मराठीत कुरंग म्हणतात, इंग्रजीत अँटिलोप. हा इंग्रजी शब्द आला करवती शिंगांनी झाडं कापणाऱ्या, ग्रीक दंतकथेतल्या एका प्राण्यावरून. पीटर पालास यांनी १७६६ साली ‘अँटिलोपी’ ही प्रजाती मांडली. पुढे एकेक कुरंग तिच्यातून वेगळा काढला गेला आणि आज तिच्यात एकटा काळवीट उरला आहे.

त्याचा सगळा भरवसा नजरेवर आणि पायांवर. म्हणून त्याला मोकळा गवताळ माळ हवा. माजावर आलेला नर लेंड्यांचे ढीग घालून आणि डोळ्यांखालच्या ग्रंथीचा स्राव काड्यांना पुसून आपली हद्द आखतो. हरीण म्हटलं की आपल्याला दाट जंगल आठवतं आणि माळ ‘पडीक’ वाटतो. तिथे झाडांची दाटी करणं म्हणजे काळविटाचं घर मोडणं होय.

ममदापूरचं सुमारे ५४ चौरस किलोमीटर क्षेत्र २०१४ साली संवर्धन राखीव झालं. तरी उन्हाळ्यात पाण्यासाठी भटकताना काळविटं उघड्या विहिरींत पडतात, कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. शेतकरी बंधूंनो, विहिरीला कठडा बांधा. जखमी काळवीट दिसलं तर त्याच्याभोवती गर्दी न करता वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.