यंत्र शिकते, पण कशावरून?

२००१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या १०२.८७ कोटी होती. आधीच्या दशकातील वाढ २१.५४ टक्के. हाच दर टिकेल असे धरून आपण २०११ चे गणित मांडले, तर उत्तर येते १२५ कोटी. प्रत्यक्षात भरली १२१ कोटी, कारण जन्मदर घटत होता.

म्हणून आपण वयोगटवार जन्म, मृत्यू व स्थलांतर यांचे दर वापरतो. देशासाठी ही रीत चांगली चालते. एखाद्या वस्तीसाठी अडते, कारण तेथील स्थलांतराची पुरेशी नोंद नसते.

येथे यंत्रशिक्षण उपयोगी पडते. ब्रिटनमधील साउथहॅम्प्टन विद्यापीठाच्या 'वर्ल्डपॉप' प्रकल्पात संगणकाला जनगणनेचे आकडे आणि त्या त्या भागातील इमारती, रस्ते, रात्रीचे दिवे यांची माहिती देतात. त्यांतील संबंध शोधून तो शंभर मीटरच्या चौकोनात किती माणसे असावीत ते सांगतो. आजचा आकडा असा बारकाईने कळला, की उद्याचा अंदाजही सुधारतो.

मात्र हे संबंध शिकायला आधी खरी मोजणी हवी. भारताची २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थींची संख्या २०११ च्या आकड्यांवरून ठरली. नंतर वाढलेली तोंडे त्या हिशेबात आली नाहीत. जुन्या मोजणीवर शिकलेले यंत्रही अशीच चूक करील. दारोदार जाणारे प्रगणक हवेतच, आणि आपल्याकडे ते बहुधा शिक्षकच असतात.