गोबर-वायूतील गंधक व लोखंडाचा कीस

गोबर-वायूवर एंजिन चालविणाऱ्या कास्तकार बंधूंस पितळी भाग काळे पडून झिजल्याचे पुष्कळदा आढळते. याचे कारण शेणातील गंधकापासून होणारा, कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू होय. त्याचे प्रमाण बहुधा हजारी एकदोन भागच. परंतु तो जळून ओलाव्याशी मिळाला म्हणजे आम्ल बनते व ते यंत्र खाते.

उपाय अल्प खर्चाचा आहे. लोहारा येथे औद्योगिक वसाहत आहे. अशा ठिकाणी लेथवर निघणारा लोखंडाचा कीस आणावा. त्याचा तेलकटपणा धुऊन, पाणी शिंपडून, तांबडा गंज चढेपर्यंत तो उघड्यावर ठेवावा. मग घट्ट झाकणाच्या पिंपात सैलसर भरून एंजिनाकडे जाणारा वायू त्यातून न्यावा. गंज गंधक धरून ठेवतो व स्वतः काळा पडतो. युरोपात दगडी कोळशाचा वायू १९ व्या शतकात याच रीतीने शुद्ध करीत.

काळा कीस हवेत पसरल्यास पुनः तांबडा होतो. मात्र त्या वेळी इतकी उष्णता निघते की ढीग पेटूही शकतो. यास्तव दोन्ही तोट्या बंद करून पिंप उघडावे, व कीस भिजवून कडबा-पऱ्हाटीपासून दूर पातळ पसरावा. काही खेपांनंतर तो निकामी होतो.

कीस केव्हा बदलावा हे नाकावर सोपवू नये. शिसे-ॲसिटेटच्या पाण्यात भिजविलेला कागद शुद्ध झालेल्या वायूत धरावा. तो काळा पडल्यास कीस बदलावा. हा वायू वाढल्यास नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. म्हणून वास नाही एवढ्यावरून रिकाम्या टाकीत कोणीही उतरू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो.