पशुवर्तन व रोगनिदान

प्राणी आपल्या परिसराला व इतर प्राण्यांना ज्या हालचालींनी, आवाजांनी व सवयींनी प्रतिसाद देतो, त्यांस त्याचे वर्तन म्हणतात. त्याच्या शास्त्रीय अभ्यासास वर्तनविज्ञान अशी संज्ञा आहे. या विषयातील संशोधनाबद्दल कार्ल फोन फ्रिश, कोनराट लोरेन्ट्स व निकोलास टिनबर्गेन यांना १९७३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पशुवैद्यकात या अभ्यासाला विशेष महत्त्व आहे. कारण रोगी जनावर आपली व्यथा सांगू शकत नाही आणि वर्तनातील बदल हाच पुष्कळदा रोगाचा पहिला पुरावा असतो.

शिक्षण : महाराष्ट्रात मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये व नागपूरचे १९५८ मध्ये सुरू झाले. ही दोन्ही आता नागपूर येथे २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आहेत. पदवी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यात एक वर्षाची आंतरवासिता असते. पशुवर्तनाची ओळख पशुधन व्यवस्थापनाच्या पाठात होते. तिचा कस मात्र चिकित्सालयात लागतो.

पद्धती : जनावराचे नेहमीचे वर्तन कोणते, त्यात काय व केव्हापासून बदलले आणि बदल एकाच जनावरात आहे की साऱ्या कळपात, हे प्रथम विचारले जाते. शारीरिक कारण वगळल्याखेरीज बदलाला खोड म्हणावयाचे नाही, हा मुख्य नियम होय. जू घेण्यास नकार देणारा बैल हट्टी नसून त्याला खांदेसूज असू शकते. खिळा वा तार गिळलेली गाय पाठीला बाक काढून, पुढच्या पायांची कोपरे शरीरापासून दूर धरून उभी राहते व उतारावरून चालणे टाळते. धातूचा तुकडा जठराच्या दुसऱ्या कप्प्यात रुतलेला असतो व तो हृदयापर्यंत पोहोचू शकतो. हाडे चघळणे हे बहुधा फॉस्फरसाच्या उणिवेचे लक्षण असते.

वनप्रदेशातील स्थिती : गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यातील मुलचेरा तालुक्यासारख्या वनव्याप्त भागात गुरे रानात चरतात व दिवसाचा मोठा भाग मालकाच्या दृष्टीआड असतात. सारा कळप कान टवकारून एकाच दिशेस पाहत थबकला, तर ते हिंस्र पशूच्या चाहुलीने उद्‌भवलेले नैसर्गिक वर्तन असते. एकच जनावर मागे रेंगाळले किंवा त्याने रवंथ थांबविले, तर रोगाची शंका घ्यावी लागते. गुरे वेदना सहसा उघडपणे दाखवीत नाहीत. दुबळेपणा दिसल्यास शिकारी प्राण्याचे लक्ष जाते, हे त्याचे संभाव्य कारण मानतात. त्यामुळे गुराख्याने पाहिलेले बारकावे हा रोगवृत्तांताचा मोलाचा भाग ठरतो.

अलर्क रोग : चुकीच्या अर्थाचे सर्वांत घातक उदाहरण या रोगात आढळते. पिसाळलेल्या प्राण्याने चावा घेतलेली गाय काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी घोगऱ्या आवाजात वारंवार हंबरते, तिची लाळ गळते व तिला गिळता येत नाही. घशात काही अडकले आहे, अशा समजुतीने तोंडात हात घातला जातो आणि लाळेतील व्हायरस जखमेतून माणसाच्या शरीरात शिरू शकतो. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. मात्र संपर्क होताच जखम साबण व पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लसीकरण आणि गरजेनुसार प्रतिपिंडांचे अंतःक्षेपण केल्यास प्राण वाचतात. म्हणून अशा जनावराच्या घशाची तपासणी हातमोजे घालून व अलर्काची शक्यता गृहीत धरूनच करावयाची असते.

मर्यादा : वर्तनावरून रोगाची दिशा कळते, निश्चिती होत नाही. अलर्काची खात्री मृत जनावराच्या मेंदूच्या प्रयोगशालेय परीक्षेनेच होते. तथापि कोणती परीक्षा करावी व तोवर कोणती दक्षता घ्यावी, हे वर्तनाच्या निरीक्षणावरून ठरते.